सही करण्याआधी

परवा आमच्या बचत गटाची मासिक बैठक आटोपली. सतरंजी गोळा करून बायका पांगल्या, पण एक ताई मागे रेंगाळली. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत फाईल. म्हणाली, "वहिनी, जरा थांबता का? एक कागद वाचून दाखवायचाय."

कागद कसला, चांगला वीस पानांचा गठ्ठा होता. तिच्या मुलाच्या कर्जाचा. कर्ज वीस लाखांचं, पाच वर्षांचं. त्यात ताई जामीनदार आणि तिच्या नावावरचं कर्जतमधलं दोन खोल्यांचं घर तारण.

मुलगा चोवीस वर्षांचा. बी. कॉम. झालाय. अकरावीत असताना एका मंडपवाल्याकडे स्पीकरची खोकी उचलायला लागला आणि तिथेच रमला. आता शाळांची स्नेहसंमेलनं, ज्युनिअर कॉलेजचे 'डेज', क्लासवाल्यांचे गुणगौरव सोहळे, फ्रेशर्स पार्टी असं सगळं तोच बघतो. स्टेज, लाईट, साऊंड, निवेदक आणि वर गावातल्या मोबाईलवाल्याची, सराफाची जाहिरात मिळवून द्यायचं कामही त्याचंच. त्याला म्हणतात 'इव्हेंट'. पोरगं कष्टाळू आहे, व्यसन नाही. आता त्याला स्वत:ची एलईडी वॉल, स्वत:चा साऊंड आणि टेम्पो घ्यायचाय.

"पोरगा वाईट नाही हो वहिनी," ताई म्हणाली, "पण घर माझ्या नावावर आहे. सही करू की नको?"

मैत्रिणींनो, मी बँकवाली नाही की सी. ए. नाही. इतिहास घेऊन बी. ए. झालेली साधी गृहिणी आहे. तिला लगेच हो किंवा नाही म्हणणं मला जमलं नाही. पण घरी येताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. करमणुकीच्या धंद्याची दोन मोठी स्वप्नं आपल्याच खालापूर तालुक्यात उभी राहिली आणि दोन्ही कर्जात अडकली. आपण ती बसच्या खिडकीतून पाहिली, मुलांना सहलीला पाठवून पाहिली. त्यांतून आपण काही शिकलो का?

पहिलं स्वप्न खोपोली-पाली रस्त्यावरचं, इमॅजिका. ते पाहिलं मनमोहन शेट्टी यांनी. १९७८ साली त्यांनी मुंबईत 'अ‍ॅडलॅब्ज' सुरू केली. जाहिरातींच्या फिल्म धुऊन देणारी प्रयोगशाळा, म्हणून ते नाव. पुढे सिनेमाच्या फिल्मही तिथे येऊ लागल्या. शेट्टी निर्मातेही झाले. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरचा 'अर्धसत्य' १९८३ मध्ये आला, त्याच्या निर्मात्यांत ते होते. २००१ मध्ये त्यांनी वडाळ्याला आयमॅक्सचं घुमटाकार चित्रपटगृह उभारलं. २००५ मध्ये अनिल अंबानींच्या रिलायन्स समूहाने अ‍ॅडलॅब्जमधला मोठा हिस्सा विकत घेतला. बघा, इथपर्यंत गाडी कशी पायरीपायरीने चालली होती. आधी काम, मग कमाई, मग पुढचं पाऊल.

आपल्याकडे ज्या वयात माणसं निवृत्तीच्या गोष्टी करतात, त्या वयात शेट्टींनी त्यांचा सगळ्यात मोठा डाव मांडला. एप्रिल २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं. खर्च सुमारे १६०० कोटी रुपये, आणि त्यात कर्जाचा वाटा मोठा. पुढे वॉटर पार्क आलं, हॉटेल आलं, बर्फाचं पार्क आलं.

आता हा धंदा चालतो कसा, ते आपल्या घरच्या हिशेबाने समजून घेऊ. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं आपणहून येतात. पण पाळणा मंगळवारीही तेवढीच वीज खातो, मंगळवारीही कामगाराला पगार द्यावाच लागतो. मग मंगळवारी कोण येणार? शाळा! म्हणून असल्या जागांना विद्यार्थी फार महत्त्वाचे असतात. शाळा-कॉलेजांसाठी गटाचे वेगळे दर ठरतात, दिवाळीनंतर शाळांमध्ये माहितीपत्रकं पोचतात, सहलीवाले दलाल मुख्याध्यापकांना भेटतात.

यातली गंमत लक्षात घ्या. मजा मुलं करतात, जागा ठरवतात सर आणि बाई, आणि पैसे भरतो आपण. म्हणजे विद्यार्थ्यांच्या करमणुकीत माल एकाला, निर्णय दुसऱ्याचा आणि खिसा तिसऱ्याचा. ज्याला हे तीन जण सांभाळता येतात, त्याचाच धंदा चालतो. ताईचा मुलगा हेच करतो. मुलांना डीजे हवा, प्राचार्यांना शिस्त हवी आणि पैसे मोबाईलवाल्याकडून यायला हवेत.

पण शाळांचाही हंगाम असतो. सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मग परीक्षा. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरचे लोक येतात. आणि पाऊस? आपला पाऊस काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. हप्त्याला मात्र पावसाळ्याची सुट्टी नसते. मार्च २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली तेव्हा लोकांचा प्रतिसाद कमी पडला, शेअरची किंमत खाली आणून मुदत वाढवावी लागली. पुढे हप्ते थकू लागले. त्यात मार्च २०२० मध्ये करोनाने दारंच बंद झाली. शेवटी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने बहुतांश हिस्सा घेतला आणि बँकांना थकलेल्या कर्जातल्या काही रकमेवर पाणी सोडावं लागलं. तंबाखू-जर्द्याच्या धंद्यातून वर आलेलं हे घराणं लोणावळा-शिर्डीला आधीपासून अशी पार्कं चालवत होतं. पार्क बंद पडलं नाही, पण मालक बदलला. ज्याने स्वप्न पाहिलं, त्याच्या हातात ते राहिलं नाही.

दुसरं स्वप्न चौक-कर्जत रस्त्यावरचं, नितीन चंद्रकांत देसाई यांचा एन. डी. स्टुडिओ. देसाई आपल्या कोकणातले, मूळचे दापोलीकडचे, वाढलेले मुलुंडला. जे. जे.मध्ये शिकले आणि कला दिग्दर्शक झाले. 'हम दिल दे चुके सनम', 'लगान', 'देवदास' या चित्रपटांच्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २००५ मध्ये त्यांनी इथे स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'चा किल्ला इथेच उभा राहिला. 'राजा शिवछत्रपती' मालिका आपण घराघरांत पाहिली, ती त्यांचीच निर्मिती. पुढे त्यांनी सेट लोकांना दाखवायला सुरुवात केली, शाळांच्या सहली येऊ लागल्या. आमच्या गटातल्या कितीतरी बायकांची मुलं तिथल्या दरबारात सिंहासनासमोर उभी राहून फोटो काढून आली आहेत.

त्यांच्या कंपनीने २०१६ आणि २०१८ मध्ये मिळून सुमारे १८० कोटींचं कर्ज घेतलं. २०२० पासून हप्ते थकले. व्याज चढत चढत २०२२ च्या मध्यापर्यंत आकडा २५२ कोटींवर गेला. जुलै २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, १ ऑगस्टला त्याविरुद्धचं अपील फेटाळलं गेलं, आणि २ ऑगस्टच्या सकाळी देसाई त्यांच्याच स्टुडिओत गेले. त्यांनी स्वत:चं आयुष्य संपवलं होतं. वय सत्तावन्न. इर्शाळवाडीवर दरड कोसळून पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. अख्खा तालुका आधीच सुन्न होता, त्यात ही बातमी.

माणूस एकाच कारणाने जात नसतो, त्यामुळे मी कोणाला दोष देत बसणार नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक फरक दिसतो. इमॅजिकात कंपनी वेगळी होती आणि माणूस वेगळा. कंपनी बुडाली तरी तिला उचलणारा दुसरा मालक मिळू शकला, आणि पहिल्या मालकाला बाजूला होता आलं. एन. डी. स्टुडिओत देसाईंचं नाव, कला, स्टुडिओ आणि कर्ज सगळं एकमेकांत विणलेलं. दारावरची दोन अक्षरंच त्यांच्या नावाची. स्टुडिओ जाणं म्हणजे जणू आपणच जाणं, असं त्या माणसाला वाटलं असेल का? पुढे स्टुडिओची सूत्रं राज्य सरकारच्या चित्रनगरी महामंडळाकडे गेली. भिंती राहिल्या. त्या उभ्या करणारा कलावंत राहिला नाही.

आता तिसरा रस्ताही आहे, तोही सांगते. १९८८ मध्ये मुंबईत तीन तरुण मित्रांनी 'विझक्राफ्ट' नावाची कंपनी काढली. पुढे मोठमोठे सोहळे, पुरस्कार समारंभ त्यांनी केले. १९९६ मध्ये मायकल जॅक्सनचा मुंबईतला कार्यक्रम झाला, त्याच्या आयोजनातही ते होते. असल्या धंद्यात मैदान दुसऱ्याचं, दिवे भाड्याचे, कलाकार मानधनावर. आपलं भांडवल म्हणजे ओळखी, नियोजन आणि शब्द पाळणं. कॉलेजची मुलंही असंच शिकतात. आय. आय. टी.चं 'मूड इंडिगो' १९७१ पासून आणि झेवियर्सचं 'मल्हार' १९७९ पासून चालू आहे. मुलंच प्रायोजक शोधतात, मुलंच हिशेब ठेवतात. त्यासाठी कोणाचं घर तारण पडत नाही.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी दुसऱ्या दिवशी ताईच्या घरी गेले. मुलाला म्हटलं, "बाळा, तुझी हिशेबाची वही आण." आधी जरा कुरकुरला, पण आणली. आम्ही तिघं जमिनीवर बसलो आणि आकडे मांडले.

गेल्या वर्षी त्याने ३१ कार्यक्रम केले. त्यातले २२ डिसेंबर ते फेब्रुवारीत. जूनपासून गणपतीपर्यंत मोजून एक. मजुरी, टेम्पो, भाड्याचं सामान जाऊन एका कार्यक्रमामागे सरासरी ९ हजार रुपये सुटले. म्हणजे वर्षाचे २ लाख ७९ हजार. स्वत:चं सामान घेतलं तर भाडं वाचणार, ते वर्षाला १ लाख ६५ हजार. दोन्ही मिळून ४ लाख ४४ हजार.

आता कर्ज. वीस लाख, पाच वर्षं, बारा टक्के व्याज. हप्ता महिन्याला सुमारे साडेचव्वेचाळीस हजार. वर्षाचे ५ लाख ३४ हजार. म्हणजे सगळी कमाई बँकेत भरली तरी वर्षाला ९० हजार कमीच पडतात. घरात मीठ-मिरचीला एक पैसा नाही. आणि वहीच्या मागच्या पानावर उधारी लिहिलेली होती ती वेगळीच. कोणाचे तीन महिन्यांपासून येणं, कोणाचं वर्ष होऊन गेलेलं.

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "पण काकू, माझी वॉल असली की कामं वाढतील ना!" वाढतीलही. इमॅजिकालाही तसंच वाटलं असणार. वाढणारी कामं अजून यायची असतात, हप्ता मात्र पुढच्या महिन्याच्या तारखेला ठरलेला असतो.

ताईला मी दोन गोष्टी समजावल्या, तुम्हालाही सांगते. पहिली म्हणजे जामीनदार हा नुसता साक्षीदार नसतो. "बँक आधी मुलाच्या मागे लागेल, त्याच्याकडून नाहीच वसूल झालं तर माझ्याकडे येईल," असा समज बऱ्याच बायकांचा असतो. तो चुकीचा आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट जामीनदाराच्या दारात येऊ शकते. "सही म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी," असं कोणी म्हणालं, की पेन खाली ठेवायचं.

दुसरी गोष्ट, घर तारण न ठेवताही छोटं कर्ज मिळतं. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर आणि दहा लाखांपर्यंत तरुण अशा पायऱ्या आहेत. त्याला तारण लागत नाही. अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात स्वयंरोजगाराच्या सरकारी योजनांची माहितीही मिळते. हेलपाटे पडतात, कबूल. पण हेलपाट्याने चप्पल झिजते, घर जात नाही.

आता थोडं या धंद्यात काम करणाऱ्या पोरापोरींबद्दल. कारण मालक होणारा एखादाच, बाकीच्या शंभर जणी राबणाऱ्या. आपल्याकडे फार्महाऊस झाली, रिसॉर्ट झाली, तिथे कॉलेजच्या पार्ट्या, कंपन्यांच्या सहली होतात. आमच्या गटातल्या बायका तिथे तांदळाच्या भाकऱ्या करून देतात, मुली स्वागताला उभ्या राहतात. माझ्या ओळखीची एक मुलगी अशीच कॉलेज सांभाळून कामाला जायची. रात्री एकला कार्यक्रम संपला, कंत्राटदार म्हणाला, "आता तुमचं तुम्ही बघा." रात्री एकला कर्जतच्या रस्त्यावर काय बघणार तिने? घरून बाप स्कूटर घेऊन गेला म्हणून बरं.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो माहीत हवा. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात रोजंदारीवरच्या, कंत्राटी बायकाही येतात. लहान मालकाकडे तक्रार समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

आणि प्रवास! १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात खोपोलीजवळ बस दरीत कोसळली आणि गोरेगावच्या पथकातली १३ मुलं-माणसं गेली. पुण्यात वादन करून रातोरात परत निघाली होती. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये याच घाटात चेंबूरच्या एका क्लासची सहलीहून परतणारी बस उलटली, त्यात दोन मुलं गेली. वाजवणारी असोत की सहलीला गेलेली, आपली मुलं दमलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर घाट उतरत असतात. म्हणून सहलीच्या पत्रकावर सही करतानाही विचारा, बस कोणाची? ड्रायव्हर किती तास गाडी चालवतोय? परतीची वेळ काय? एस. टी. शालेय सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते, मग शाळा ती का घेत नाही?

सहलीचा विषय निघालाच आहे तर एक सांगावंसं वाटतं. ज्या खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका आहे, त्याच रस्त्याने जरा पुढे आत वळलं की उंबरखिंड लागते. १६६१ मध्ये शिवरायांनी कारतलबखानाला तिथे कोंडीत पकडलं. त्या फौजेत रायबागन नावाची एक कर्तबगार बाई होती. आता लढण्यात अर्थ नाही, शरण जा, असं तिनेच खानाला सुचवलं, असं सांगतात. पाळण्यात बसू दे मुलांना, मजा करू दे. पण येता-जाता अर्धा तास उंबरखिंडीत थांबायला काय हरकत आहे? तिथे तिकीट नाही. ज्या मुलीची आई सहलीचे पैसे भरू शकत नाही, तिलाही तिथे नेता येईल. दरवर्षी वर्गातल्या चार-पाच जणी "पोट दुखतंय" म्हणून सहलीला येत नाहीत. ते पोट का दुखतं, हे आपल्याला ठाऊक असतं.

तर ताईच्या कागदाचं काय झालं? तिने सही केली नाही. मुलगा दोन दिवस जेवताना बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वत:च बँकेत जाऊन तीन लाखांच्या मुद्रा कर्जाची चौकशी करून आला, फक्त साऊंडपुरती. वॉल यंदाही भाड्याचीच. उधारीवाल्या तीन शाळांकडे मायलेक दोघं मिळून गेले, एका ठिकाणचे पैसे सुटले. ताई मला म्हणाली, "वहिनी, मी त्याच्या वाटेत आले का हो?"

मी म्हटलं, "नाही गं. त्याचा धंदा बुडाला तर रात्री परत यायला त्याला घर राहील, एवढंच तू बघितलंस."

आपल्याला वाटतं, मुलाच्या पाठीशी उभं राहणं म्हणजे त्याने पुढे केलेल्या कागदावर सही करणं. तसं नाही. त्याच्यासोबत बसून वही उघडायला लावणं म्हणजेही पाठीशी उभं राहणं. आणि एक कराच. कर्ज झालेल्या घरच्या पुरुषाला, मुलाला एकदा तरी विचारा, "किती आहे? खरं सांग." आकडा कितीही मोठा असो, तो दोघांना माहीत असला की निम्मा होतो. कोणी फारच खचलेलं, गप्प गप्प दिसलं तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर फोन करा. लाज कसली त्यात?

चौकच्या रस्त्यावरून जाताना आजही स्टुडिओची पाटी दिसते. मला दरवेळी वाटतं, त्या रात्री कोणीतरी शेजारी बसून म्हणायला हवं होतं, "स्टुडिओ जाऊ दे. तू घरी चल."